इंग्रजी अर्जातलं ‘द बेळगाव’: चूक येते कुठून आणि काढायची कशी

तक्रार नेहमीचीच आहे. इंग्रजी अर्ज, बायोडाटा, नाहीतर परीक्षेतला निबंध हातात घ्यावा, तर गावाच्या नावाआधी ‘द’ ठाण मांडून बसलेला असतो आणि नदीच्या नावाआधी त्याचा पत्ता नसतो. ‘द’ म्हणजे इंग्रजीतलं टी-एच-ई. मराठी शाळेतून आलेल्या मुलांची ही चूक, आणि कन्नड शाळेतून आलेल्यांचीही हीच. निदान या एका बाबतीत आपल्याकडे सीमावाद नाही.

खानापूर तालुक्यातल्या एका मुलाने पुण्याकडच्या कारखान्यात नोकरीसाठी लिहिलेला अर्ज तपासायला आला होता. त्यातल्या या ओळी:

‘आय ॲम फ्रॉम द खानापूर इन द बेळगावी. माय व्हिलेज इज ऑन बँक ऑफ मलप्रभा, निअर वेस्टर्न घाट्स. आय स्टडीड ॲट द राणी चन्नम्मा युनिव्हर्सिटी.’

सहा जागा आणि सहाही उलट्या. खानापूर, बेळगावी, युनिव्हर्सिटी या तिन्ही ठिकाणी ‘द’ नको होता, तिथे आला. बँक म्हणजे काठ, मलप्रभा आणि वेस्टर्न घाट्स या तिन्ही ठिकाणी हवा होता, तिथे गळाला. सुधारल्यावर ओळी अशा झाल्या:

‘आय ॲम फ्रॉम खानापूर इन बेळगावी डिस्ट्रिक्ट. माय व्हिलेज इज ऑन द बँक ऑफ द मलप्रभा, निअर द वेस्टर्न घाट्स. आय स्टडीड ॲट राणी चन्नम्मा युनिव्हर्सिटी.’

मुलगा कागदाकडे बघत म्हणाला, “मग ओ सर, घालायचा कुठं आणि नको कुठं, ते एकदाच सांगून टाका की.” एका वाक्यात सांगता येतं, पण त्याआधी ही खोड कुठून लागते ते बघायला हवं. मूळ कळलं नाही तर आज सुधारलेला कागद उद्या पुन्हा तसाच येतो.

खोड कुठून लागते

मराठीत आणि कन्नडमध्ये नामाआधी असं काही लावायची पद्धतच नाही. ‘बस आली’ म्हटलं की आपण जिची वाट बघत होतो तीच आली, हे ऐकणाऱ्याला कळतं. त्यामुळे ‘द’ कुठे हवा हे आपल्या कानाला आपोआप सुचत नाही. सगळी भिस्त शाळेत पाठ केलेल्या नियमावर.

आणि घोडं अडतं ते तिथेच. शाळेत नियम सांगतात, ‘जी वस्तू जगात एकच आहे तिला द लावा’. उदाहरणं सूर्य, चंद्र, पृथ्वी. मुलाचा तर्क मग बिनचूक चालतो: बेळगाव जगात एकच, सबब ‘द बेळगाव’. नियम खोटा नाही, अर्धा आहे. तो सामान्य नामांसाठी आहे. ‘सन’ हा शब्द सामान्य नाम. नेमका कोणता ते दाखवायला ‘द’ लागतो. बेळगाव हे विशेषनाम. नावातच ओळख आहे, वेगळी ओळख करून द्यायची गरज नाही. माझं मत विचाराल तर पाचवी-सहावीच्या मुलांना हा ‘एकमेव वस्तू’चा नियम शिकवूच नये. त्याने जितकं निस्तरतं त्याहून जास्त बिघडतं.

दुसरं कारण खिशात आहे. मोबाइलवर ‘इन’ किंवा ‘ऑफ’ टाइप केलं की कीबोर्ड पुढचा शब्द म्हणून ‘द’ सुचवतो, कारण इंग्रजीत त्या जोड्या सतत येतात. बोट त्यावर पडतं आणि ‘इन द’ होऊन बसतं. मग त्यापुढे निपाणी लिहा नाहीतर चिकोडी. मोबाइलवर लिहिलेल्या अर्जात हातच्या अर्जापेक्षा ही चूक जास्त दिसते, ती त्यामुळेच.

तिसरं कारण रस्त्यावर. आपल्याकडे पतसंस्था, सहकारी बँका, मर्चंट्स असोसिएशन यांच्या पाट्या बघा. ‘दि’ने सुरू होणाऱ्या भरपूर सापडतील. ‘दि’, मग गावाचं नाव, मग ‘को-ऑप. क्रेडिट सोसायटी लि.’ लहानपणापासून ‘दि’ आणि गाव शेजारी शेजारी बघितलेले. पाटी चूक नाही. तिथला ‘दि’ गावाचा नसून शेवटी येणाऱ्या ‘सोसायटी’चा आहे. पण मध्ये एवढे शब्द असतात की तो गावालाच चिकटलेला वाटतो.

तपासणी: हा ‘द’ कोणाचा?

आता ते एक वाक्य. ‘द’ नावाचा नसतो, नावाच्या मागे उभ्या असलेल्या सामान्य नामाचा असतो. कुठलंही ठिकाणाचं नाव आलं की विचारायचं: याच्यामागे नदी, समुद्र, पर्वतरांग, वाळवंट, बेटांचा समूह, धरण, कमिशन, असा एखादा शब्द आहे का? असेल, दिसत असेल वा लपलेला असेल, तर ‘द’. मागे नुसतं गाव, शहर, तालुका, जिल्हा, राज्य, खंड असेल तर ‘द’ नाही. बेळगाव, निपाणी, संकेश्वर, कर्नाटक, महाराष्ट्र, आशिया, सगळी मोकळी. काही सामान्य नामं मात्र उघड दिसत असूनही ‘द’ घेत नाहीत. त्यांचा हिशेब पुढे येईलच.

सगळ्यात ठसठशीत उदाहरण नदीचं, आणि आपल्या जिल्ह्यात नद्यांना तोटा नाही. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा, मार्कंडेय, मलप्रभा. इंग्रजीत या सगळ्यांना ‘द’ लागतो. पूर्ण नाव ‘द मलप्रभा रिव्हर’. बोलताना ‘रिव्हर’ गळतं, पण त्याचा ‘द’ तिथेच राहतो, भाडेकरू खोली सोडून गेला तरी दारावरची पाटी राहावी तसा. हे वाक्य वहीत उतरवून ठेवा:

‘द मलप्रभा राइजेस ॲट कणकुंबी इन खानापूर तालुक अँड जॉइन्स द कृष्णा ॲट कूडलसंगम.’

दोन नद्या, दोन ‘द’. तीन ठिकाणं, एकालाही नाही. या वाक्याची चाल एकदा कानात बसली की निम्मं काम झालं.

नदीचा ‘द’ गाळला तर केवळ व्याकरण बिघडतं असं नाही, कधी कधी अर्थही भलतीकडे जातो. आपल्या नद्यांची नावं माणसांचीही असतात. पावसाळ्यात चिकोडीकडून बातमी येते, कृष्णेने धोक्याची पातळी ओलांडली. ती ‘कृष्णा हॅज क्रॉस्ड द डेंजर मार्क’ अशी लिहिली, तर बाहेरच्या वाचणाऱ्याला वाटेल कृष्णा नावाचं कुणीतरी पाण्यात उतरलंय. मार्कंडेयाचंही तेच. ‘द’शिवाय तो ऋषी, ‘द’ लावला की राकसकोपवरून येणारी नदी.

पाण्याच्या बाकीच्या रूपांचं मात्र एकसारखं नाही, आणि इथे पाठांतराला पर्याय नाही. समुद्र, महासागर, कालवे नदीच्या बाजूचे: द अरेबियन सी, द सुएझ कॅनॉल. तलाव विरुद्ध बाजूचे: रंकाळा लेक, लेक सुपीरियर, ‘द’ नाही. धबधबेही बहुधा बिन-‘द’चे: गोकाक फॉल्स, जोग फॉल्स, नायगारा फॉल्स. धरणाला आणि जलाशयाला लावावा: द हिडकल डॅम, द राकसकोप रिझर्व्हॉयर. म्हणजे एकाच घटप्रभेवर ५२ मीटरवरून कोसळणारा गोकाक फॉल्स ‘द’शिवाय, आणि त्याच नदीवरचा हिडकल डॅम ‘द’सकट. असं का, तर ‘फॉल्स’ आणि ‘लेक’ हे शब्द नावाचा भाग होऊन गेले आहेत, ‘डॅम’ अजून तितका झालेला नाही. आपल्या वर्तमानपत्री इंग्रजीत ‘द गोकाक फॉल्स’ही दिसतं, त्यावरून कुणाशी भांडू नका, पण परीक्षेत नुसतं गोकाक फॉल्स लिहा.

घाट, डोंगर आणि कॅम्प

एकटा डोंगर मोकळा, रांग ‘द’वाली. माउंट एव्हरेस्ट, कळसूबाई, कांचनजंगा यांना काही लागत नाही. द हिमालयाज, द आल्प्स, द सह्याद्रीज यांना लागतो. आल्प्समधली द मॅटरहॉर्न, द आयगर ही एकेकटी शिखरं असूनही ‘द’ घेतात. जर्मन नावांबरोबर आलेली ती सवय आहे, आपल्याला त्यांच्याशी काम पडत नाही.

काम पडतं ते घाटाशी. ‘घाट’ हा शब्द इंग्रजीत दोन कामं करतो. ‘द वेस्टर्न घाट्स’ म्हणजे पर्वतरांग, म्हणून ‘द’. गोव्याला जाताना लागतो तो ‘चोर्ला घाट’ म्हणजे रस्त्याचा एक टप्पा, एका ठिकाणाचं नाव, म्हणून ‘द’ नाही. आंबोली घाटही तसाच. ओळखण्याची खूण शेवटी आहे. अनेकवचनाचा ‘स’ लागला की ‘द’ येण्याची शक्यता फार: द अंदमान्स, द मालदीव्हज, द नेदरलँड्स, द फिलिपिन्स, द युनायटेड स्टेट्स. धबधब्यांचा ‘फॉल्स’ तेवढा या खुणेला जुमानत नाही.

मग कॅम्पचं काय? हा प्रश्न फक्त बेळगावच्या माणसाला पडू शकतो. ‘कॅम्प’ हा शब्द सामान्य नाम, म्हणजे ‘द कॅम्प’ हवं. पण आपल्याकडे तो एका वस्तीचं नाव होऊन बसलाय, टिळकवाडी किंवा शहापूर जसं नाव, तसंच. म्हणून ‘आय लिव्ह इन कॅम्प’ हेच बरोबर. ‘आय लिव्ह इन द कॅम्प’ लिहिलं तर वाचणाऱ्याला तंबू, नाहीतर पूरग्रस्तांची छावणी आठवेल. बाहेरगावच्या माणसाला लिहिताना मात्र नुसतं ‘इन कॅम्प’ विचित्र वाटतं. तिथे ‘इन द कँटोन्मेंट एरिया’ लिहावं. ‘एरिया’ आला, त्याचा ‘द’ आला. पत्त्यात सरळ ‘कॅम्प, बेळगावी’.

गोव्याच्या वाटेवरचं कॅसल रॉक स्टेशनही याच जातीचं. किल्ला आणि खडक, दोन्ही शब्द सामान्य, पण जोडून स्टेशनचं नाव झाले, ‘द’ गेला. ‘द ट्रेन स्टॉप्ड ॲट कॅसल रॉक.’ या वाक्यात ‘द’ ट्रेनला आहे. गाडीचं नाव घेतलं तरी तो राहतो: द राणी चन्नम्मा एक्सप्रेस. ‘एक्सप्रेस’ सामान्य नाम, त्याचा ‘द’.

रस्त्यांमध्ये एक बारीक फरक आहे. टिळकवाडीतून जातो तो ‘खानापूर रोड’ हे नाव, ‘द’ नाही. पण ‘द खानापूर रोड’ म्हटलं तर ‘खानापूरकडे जाणारा रस्ता’ असा अर्थ होतो आणि तेही बरोबर असतं. पत्ता सांगताना पहिलं, वाट सांगताना दुसरं. चौक, गल्ल्या, बाजार मोकळे: चन्नम्मा सर्कल, खडे बाजार, रामदेव गल्ली. महामार्गाला वर्णनाने ओळखलं तर ‘द’: द पुणे–बेंगळुरू हायवे. आकड्याने ओळखलं तर नुसतं एनएच ४८.

मध्ये ‘ऑफ’ आला की डोळे झाकून ‘द’

या नियमाला अपवाद जवळपास नाहीत, म्हणून तो आधी पाठ करा. ‘अमुक ऑफ तमुक’ अशी रचना असेल तर सुरुवातीला ‘द’: द बे ऑफ बेंगॉल, द स्टेट ऑफ कर्नाटक, द गव्हर्नमेंट ऑफ कर्नाटक, द डिस्ट्रिक्ट ऑफ बेळगावी, द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई. शब्द उलटे फिरवून ‘ऑफ’ काढला की ‘द’ही बहुधा जातो: कर्नाटक स्टेट, बेळगावी डिस्ट्रिक्ट, मुंबई युनिव्हर्सिटी.

त्या मुलाच्या अर्जातली राणी चन्नम्मा युनिव्हर्सिटी इथेच बसते. २०१० मध्ये सुरू झालेलं हे विद्यापीठ व्यक्तीच्या नावाचं आहे, मध्ये ‘ऑफ’ नाही, म्हणून ‘द’ नाही. मच्छेच्या विश्वेश्वरय्या टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीचंही तसंच, आणि तिचं लघुरूप व्हीटीयू लिहिलं तरी ‘द’ नको.

लघुरूपांचा सर्वसाधारण हिशेब वेगळा आहे. एकेक अक्षर सुटं उच्चारलं जात असेल तर संस्थेच्या लघुरूपाला ‘द’ लागतो: द आरबीआय, द यूएन. सगळी अक्षरं मिळून एक शब्द होत असेल तर नाही: इस्रो, युनेस्को. विद्यापीठं आणि कॉलेजं यातून वगळलेली.

नाव विशेषण झालं की

आतापर्यंतच्या नियमांनी जे सुटत नाही ते बहुतेक इथे सुटतं. पुष्कळदा ‘द बेळगाव’ असं शेजारी शेजारी दिसतं आणि ते अगदी शुद्ध असतं. ‘द बेळगाव बॉर्डर डिस्प्यूट’ घ्या. इथे ‘द’ डिस्प्यूटचा, बेळगाव नुसतं मध्ये उभं आहे. ‘गांधी प्रिसायडेड ओव्हर द बेळगाव सेशन इन १९२४’ हे बरोबर. त्यातला ‘सेशन’ काढून टाका आणि बघा. ‘गांधी प्रिसायडेड ओव्हर द बेळगाव’ हे वाक्यच राहत नाही. ‘द महाजन कमिशन’मध्ये तर हे आणखी उघड दिसतं. १९६६ साली नेमलेल्या या आयोगातले महाजन हे न्यायमूर्तींचं आडनाव, त्यांना कुणी ‘द महाजन’ म्हणणार नाही. ‘द’ कमिशनचा.

म्हणून ‘द’ दिसला की पुढचा एकच शब्द वाचून निकाल देऊ नका, नामांची माळ जिथे संपते तिथपर्यंत वाचा. शेवटच्या मण्यावर गाव असेल तर ‘द’ खोडा. शेवटी डिस्प्यूट, सेशन, कमिशन, समिती, प्रोजेक्ट, बॉर्डर असेल तर राहू द्या. ‘द महाराष्ट्र एकीकरण समिती’, ‘द कळसा-बंडुरी प्रोजेक्ट’, ‘द गोवा बॉर्डर’ ही सगळी शुद्ध आहेत.

एक अपवाद मराठीतून सहज समजतो. ‘माझ्या लहानपणीचं बेळगाव’ म्हणताना आपण एकाच बेळगावातलं एक बेळगाव वेगळं काढतो. इंग्रजीत तिथे ‘द’ येतोच: ‘द बेळगाव ऑफ माय चाइल्डहुड’. निबंधात असं वाक्य आलं आणि तपासणाऱ्याने ‘द’ खोडला तर खोडणारा चुकला.

प्रदेश: कोकण, डेक्कन, कित्तूर कर्नाटक

गावांची नावं एका बाजूला, नद्यांची दुसऱ्या बाजूला, आणि प्रदेशांची मधल्या पट्ट्यात. ब्रिटिश काळातल्या इंग्रजीत ‘द कोकण’, ‘द डेक्कन’, ‘द कर्नाटिक’, ‘द पंजाब’ असंच लिहीत. पाकिस्तानातल्या पंजाब सरकारच्या इंग्रजी नावात तो ‘द’ अजून आहे. आपल्या पंजाबला कुणी लावत नाही. एखादं नाव नैसर्गिक प्रदेश म्हणून घेतलं की ‘द’ येतो, राज्य म्हणून घेतलं की जातो, असा त्यातला कल. ‘द डेक्कन’ आजही सर्रास चालतं. कोकणाला आता दोन्ही चालतात. मी नुसतं कोकण लिहितो, आणि ‘द कोकण कोस्ट’ म्हणताना ‘द’ लावतो, कारण कोस्ट.

आपल्या दारातलं उदाहरण ताजं आहे. पूर्वी ज्याला मुंबई-कर्नाटक म्हणत त्या भागाला २०२१ मध्ये कर्नाटक सरकारने ‘कित्तूर कर्नाटक’ नाव दिलं. इंग्रजीत ‘इन कित्तूर कर्नाटक’ लिहा, किंवा ‘इन द कित्तूर कर्नाटक रीजन’ लिहा. ‘इन द कित्तूर कर्नाटक’ एवढ्यावर थांबू नका. सीमाभागाला मात्र काही केल्या ‘द’ सुटत नाही, कारण ते नाव नाहीच, वर्णन आहे: ‘द बॉर्डर एरिया’.

देशांपैकी ज्यांच्या नावात स्टेट्स, किंग्डम, रिपब्लिक, एमिरेट्स असं सामान्य नाम दडलंय किंवा जी अनेकवचनी आहेत, त्यांना ‘द’. बाकीच्यांना नाही. त्यातही दोन कथा सांगण्यासारख्या आहेत. आफ्रिकेतल्या गॅम्बियाचं नाव नदीवरून पडलं, म्हणून ‘द गॅम्बिया’. १९६४ मध्ये तिथल्या पंतप्रधानांच्या कार्यालयाने हा ‘द’ कायम ठेवावा असं ब्रिटनमधल्या नावांच्या समितीला कळवलं. एक कारण असं की त्याच वर्षी झांबिया स्वतंत्र होत होता आणि दोन्ही नावांत घोळ झाला असता. उलट गोष्ट युक्रेनची. सोव्हिएत काळात इंग्रजीत ‘द युक्रेन’ लिहीत. १९९१ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर त्यांना तो ‘द’ नकोसा झाला, कारण त्याने देश वाटत नाही, कुणाच्या तरी ताब्यातला एक प्रदेश वाटतो. आता ‘द युक्रेन’ लिहिणं अडाणीपणाचं आणि थोडं अपमानाचंही समजतात. सीमाभागातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. नावातल्या एका अक्षराचं वजन आपल्याकडे पोरासोरांनाही कळतं.

शहरांमध्ये ठळक अपवाद एकच, ‘द हेग’, जिथे आंतरराष्ट्रीय न्यायालय आहे. त्याचं डच नावच ‘डेन हाग’, म्हणजे तो ‘द’ नावातच आहे आणि त्याचा ‘टी’ मोठाच लिहायचा.

फॉर्म, पत्ता आणि पाटी

फॉर्ममध्ये, पत्त्यात, नकाशावर, तक्त्यात आणि रकान्यात ‘द’ कुठेच लिहीत नाहीत, नदीला आणि नेदरलँड्सलाही नाही. जन्मस्थळाच्या रकान्यात ‘बेळगावी’ लिहायचं की ‘बेळगाव’, हे तुमच्या जन्मदाखल्यावर काय आहे त्यावर ठरवा. १ नोव्हेंबर २०१४ पासून इंग्रजीतलं अधिकृत नाव ‘बेळगावी’ झालं, पण आधीच्या दाखल्यांवर जुनंच स्पेलिंग आहे. ‘द’चा प्रश्न दोन्हीकडे सारखाच सुटतो: नको.

पतसंस्थेच्या ‘दि’चं काय करायचं, हे धनादेश लिहिताना हटकून विचारतात. तो नोंदणीतल्या नावाचा भाग असेल तर धनादेशावर, करारावर, प्रतिज्ञापत्रावर नोंदणीप्रमाणेच लिहा, स्वतःच्या व्याकरणाने दुरुस्ती करू नका. साध्या वाक्यात ते नाव आलं तर ‘द’ एकदाच. संस्थेचा एक आणि आपला एक असे दोन लागत नाहीत.

लिहून झालेला कागद कसा साफ करावा

कॉम्प्युटरवर असेल तर कंट्रोल आणि एफ दाबून ‘इन द’, ‘फ्रॉम द’, ‘ॲट द’, ‘ऑफ द’ हे एकेक शोधा. प्रत्येक ठिकाणी माळेचा शेवटचा मणी बघा. गाव असेल तर ‘द’ उडवा. ही फेरी झाली की नको असलेले गेले. गळलेले शोधायला दुसरी फेरी लागते, कारण नसलेली गोष्ट सर्चमध्ये सापडत नाही. तिथे नद्या, रांगा, समुद्र आणि ‘ऑफ’ यांच्यावर बोट ठेवत डोळ्यांनीच वाचावं लागतं. ‘बँक ऑफ’, ‘साउथ ऑफ’, ‘बॉर्डर ऑफ’ यांच्याकडे जरा जास्त बघा. ‘द बँक ऑफ’, ‘द बॉर्डर ऑफ’ हवं, पण ‘साउथ ऑफ बेळगाव’ असंच. दिशा सांगताना ‘द’ नको. ‘टू द साउथ ऑफ’ असं लांबवलं तरच तो येतो.

स्पर्धा परीक्षेत वाक्यातली चूक शोधायचा प्रश्न असतो, तिथे ठिकाणांच्या नावावरून बहुधा दोनच सापळे लावतात: ‘द माउंट एव्हरेस्ट’ आणि बिन-‘द’चा ‘गँजेस’ किंवा ‘हिमालयाज’. एकट्या शिखराला जादा लावलेला आणि नदीला किंवा रांगेला गाळलेला, एवढं बघितलं तरी तो गुण हातचा जात नाही.

व्याकरण तपासणाऱ्या ॲपवर फार विसंबू नका. नाईल आणि थेम्स त्यांना ठाऊक असतात, हिरण्यकेशी ही नदी आहे की एखाद्या मुलीचं नाव, हे त्यांना कळेलच असं नाही. त्यामुळे आपल्याकडच्या नावापाशी ती गप्प बसतात किंवा भलतंच सुचवतात. त्यावर सोपी युक्ती अशी. अडलेल्या वाक्यात आपल्या नावाच्या जागी त्याच जातीचं जगप्रसिद्ध नाव घाला. वेदगंगेच्या जागी थेम्स, निपाणीच्या जागी लंडन, सह्याद्रीच्या जागी आल्प्स, रंकाळ्याच्या जागी लेक सुपीरियर. ‘ऑन द बँक ऑफ थेम्स’ लिहिलं की ॲप लगेच खाली लाल रेघ ओढेल. ‘द’ घालून रेघ गेली की थेम्स काढा आणि वेदगंगा परत बसवा.